पाच वर्षांच्या मुलीच्या मूत्रपिंडातील अडथळा : रोबोटिक शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न : मुलीची आई

नमस्कार. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातील सोनोग्राफीत तिच्या डाव्या मूत्रपिंडाला सूज असल्याचे प्रथम लक्षात आले. जन्मानंतरच्या तपासण्यांत, मूत्रपिंड जिथे मूत्रवाहिनीला जोडले जाते तिथे अडथळा आहे, म्हणजेच पीयूजे ऑब्स्ट्रक्शन आहे, असे निदान झाले. त्या वेळी दोन्ही मूत्रपिंडांच्या एकूण कामात डाव्या मूत्रपिंडाचा वाटा 46 टक्के होता आणि लघवी सावकाश का होईना, पण खाली उतरत होती. म्हणून घाई न करता ठरावीक काळाने तपासण्या करत राहाव्यात, असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही त्याप्रमाणे एकही तपासणी न चुकवता करत आलो.

गेल्या महिन्यातील रिनल स्कॅनमध्ये, म्हणजे शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या तपासणीत, डाव्या मूत्रपिंडाचे काम 35 टक्क्यांवर आले आहे. लघवी वाढवणारे इंजेक्शन दिल्यानंतरही त्या बाजूला साचलेले औषध निम्मे खाली उतरायला 20 मिनिटांहून जास्त वेळ लागत आहे. सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या पेल्व्हिसचा, म्हणजे लघवी गोळा होते त्या पिशवीसारख्या भागाचा, व्यास 27 मिलिमीटर आहे. आमच्या डॉक्टरांनी आता शस्त्रक्रिया करावी असे सांगितले असून ती रोबोटच्या साहाय्याने करण्याचा पर्याय सुचवला आहे. दुसरे मत घेतले असता त्या शल्यचिकित्सकांनी सांगितले की, लहानसा छेद घेऊन नेहमीच्या पद्धतीने केलेली शस्त्रक्रियाही तितकीच चांगली आहे आणि ते स्वतः तीच करतात. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही आमच्याशी शांतपणे, वेळ देऊन बोलणे केले; त्यामुळेच निर्णय अधिक कठीण झाला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करतो का, आणि तो मध्येच बंद पडला तर काय होते? इतक्या लहान शरीरात ती यंत्राची हत्यारे मावतात का? शस्त्रक्रियेच्या वेळी लघवीच्या वाटेत आत ठेवली जाणारी नळी नंतर काढण्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागेल असे सांगितले आहे, ते टाळता येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलगी एरवी हसतीखेळती असताना आणखी सहा महिने थांबले तर चालेल का?

एक गोष्ट या विषयाशी संबंधित आहे की नाही हे मला माहीत नाही, तरीही लिहिते. गेल्या वर्षभरात चार-पाच वेळा ती रात्री अचानक उठून पोट दुखते म्हणून रडली आहे. अशा वेळी ती गुडघे पोटाशी घेऊन डाव्या कुशीवर पडून राहते, एकदोनदा उलटी होते, आणि सकाळपर्यंत सगळे थांबून ती नेहमीसारखी खेळू लागते. आम्ही दर वेळी अपचन समजून औषध दिले आणि मागच्या वेळी जंतांचे औषधही दिले. हे मी दोन्ही डॉक्टरांना सांगितलेले नाही, कारण त्याचा मूत्रपिंडाशी संबंध असेल असे कधी मनातच आले नाही.

उत्तर 1 : एका लहानग्याचे वडील

ताई, आमच्या मुलाला हाच आजार होता आणि त्याची शस्त्रक्रिया तो चार महिन्यांचा असताना झाली. तेव्हा आम्हीही रोबोटविषयी विचारले होते. आमच्या शल्यचिकित्सकांनी बाळाच्या पोटावर स्वतःचा पंजा आडवा ठेवून दाखवला. बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंतची सगळी जागा त्या पंजाखाली झाकली गेली. एवढ्याशा जागेत तीन-चार हत्यारे एकमेकांना न लागता फिरवायची असतात, आणि या वयात कुशीवरच्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या छेदातून तेच काम सरळ हाताने, कमी वेळात होते, हे त्यांनी ज्या साधेपणाने सांगितले त्यानंतर आमच्या मनात शंका उरली नाही. बाळाला दुसऱ्याच दिवशी आईचे दूध पाजता आले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

आमच्याकडे आतली नळी न ठेवता, कुशीतून बाहेर येणारी बारीक नळी ठेवली होती. तिचे टोक दुसऱ्या डायपरमध्ये सोडलेले असे. म्हणजे आतला डायपर नेहमीचा आणि त्यावरचा मोठा डायपर नळीतून ठिबकणाऱ्या लघवीसाठी. दर तीन तासांनी दोन्ही डायपर वेगवेगळे वजन करून वहीत लिहायचे असत. काही दिवसांनी ती नळी बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता काढली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. मात्र पाच वर्षांच्या, धावत्या-पळत्या मुलीला बाहेर लोंबणारी नळी कितपत सोसेल हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगावे.

आज आमचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याच्या कुशीवरची रेघ शोधावी लागते. छेद की रोबोट या प्रश्नावर आम्ही जितक्या रात्री जागलो, त्यांतल्या निम्म्या जरी पुढच्या तपासण्यांचे वेळापत्रक समजून घेण्यात घालवल्या असत्या तरी बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

उत्तर 2 : बालशल्यचिकित्सक

आपल्या मुलीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय आणि स्कॅनची चित्रे पाहिल्याशिवाय मी अंतिम मत देणे योग्य नाही. तरीही आपण इतकी नेमकी माहिती दिली आहे की काही गोष्टी स्पष्टपणे सांगता येतील.

प्रथम आपल्या शेवटच्या परिच्छेदाविषयी लिहितो, कारण संपूर्ण प्रश्नात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. अचानक उठणारी एका बाजूची कळ, सोबत उलटी, आणि काही तासांत आपोआप आराम, हे या आजाराचे अतिशय ओळखीचे रूप आहे. पाणी जास्त प्यायले गेले किंवा पेल्व्हिस एकाएकी ताणली गेली की लघवीची वाट काही काळ पूर्ण बंद होते, मूत्रपिंड फुगते, मूल कळवळते. मग दाब वाढून वाट थोडी मोकळी झाली की सारे शांत होते. पोटदुखी आणि उलटी म्हटले की साहजिकच पोटाचेच औषध दिले जाते, आणि म्हणूनच अशी कितीतरी मुले वर्ष-वर्ष जंतांची व अपचनाची औषधे घेत राहतात. यात आपली काहीही चूक नाही. मात्र ही माहिती दोन्ही डॉक्टरांना आजच कळवा. पुन्हा अशी कळ आली तर ती थांबण्याची वाट न पाहता, दुखत असतानाच सोनोग्राफी करून घ्या, कारण दोन कळांच्या मधल्या काळातील सोनोग्राफी बरीच सौम्य दिसू शकते. कळेसोबत ताप आला, तर ते तातडीचे समजून लगेच रुग्णालयात न्यावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होणे हे मूत्रपिंडाला आणि मुलालाही धोक्याचे असते.

अशा कळा मोठ्या वयात सुरू होतात तेव्हा आणखी एक शक्यता मनात येते. मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी मूत्रवाहिनीच्या पुढून जाते आणि तिच्यावर मूत्रवाहिनी दोरीवर टाकलेल्या नळीसारखी वाकते. ही रक्तवाहिनी कापून प्रश्न सोडवता येत नाही, कारण मूत्रपिंडाच्या धमन्यांना एकमेकींचा आधार नसतो. ती कापली तर तिच्या वाट्याचा मूत्रपिंडाचा तुकडा मरतो. म्हणून मूत्रवाहिनी वेगळी करून, ती रक्तवाहिनीच्या पुढे आणून नव्याने जोडावी लागते. शस्त्रक्रिया करणाऱ्याने ही रक्तवाहिनी आधीपासून मनात धरलेली असणे फार आवश्यक आहे. पाठीमागच्या बाजूने छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेत ती नजरेआड राहू शकते, तर पोटाच्या पुढच्या बाजूने, मग ते दुर्बिणीतून असो वा रोबोटने, ती समोरच दिसते.

आता थांबण्याविषयी. बाळाच्या मूत्रपिंडाची गर्भावस्थेत दिसलेली सूज बहुसंख्य मुलांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होते, आणि म्हणूनच आपल्याला सुरुवातीला दिलेला सल्ला योग्यच होता. परंतु थांबण्याचा तो सल्ला मूत्रपिंडाचे काम टिकून आहे या अटीवर असतो. एका बाजूचे काम 40 टक्क्यांच्या खाली जाणे, पाठोपाठच्या स्कॅनमध्ये ते 10 टक्क्यांहून अधिक घसरणे, सूज वाढत जाणे, किंवा दुखणे व जंतुसंसर्ग यांसारखी लक्षणे दिसणे, यांपैकी एकही गोष्ट शस्त्रक्रियेचा विचार करायला पुरेशी असते; आपल्या मुलीत एकाहून अधिक आहेत. स्कॅनचे आकडे मुलाच्या अंगातील पाण्याचे प्रमाण, मूत्राशय भरलेले असणे आणि वापरलेले औषध यांवरही थोडेफार हलतात, म्हणून दोन्ही स्कॅन एकाच पद्धतीने झाले होते का हे डॉक्टरांना जरूर विचारा. तरीही कळांची हकीकत पाहता मी माझ्या नात्यातल्या मुलीसाठी सहा महिने थांबलो नसतो. दुसऱ्या बाजूने, ही उद्याच करायची शस्त्रक्रियाही नाही. काही आठवड्यांत, नीट तयारीने ती करावी.

शस्त्रक्रिया कोणती, हे आधी समजून घेतले की रोबोटचा प्रश्न आपोआप लहान होतो. अरुंद भाग कापून टाकणे, पेल्व्हिसचा फुगलेला भाग गरजेपुरता कमी करणे, मूत्रवाहिनीचे टोक उभे चिरून रुंद करणे आणि ते पेल्व्हिसच्या सर्वांत खालच्या जागी, ताण न येता, लघवी न गळेल अशा बारीक टाक्यांनी जोडणे, ही ती शस्त्रक्रिया. अँडरसन आणि हाइन्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी 1949 साली तिचे वर्णन केले आणि आजही जगभर मूळ कल्पना तीच आहे. उघड्या छेदातून केल्यावर तिचे यश 95 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. दुर्बिणीतून मुलांमध्ये ती 1990 च्या दशकाच्या मध्यापासून होऊ लागली, पण आतले टाके घालणे फार अवघड जाई. सरळ, लांब काठ्यांसारख्या हत्यारांनी केसाएवढ्या धाग्याचे डझनभर टाके उलट दिशेने घालायचे, तेही चार-पाच मिलिमीटर जाडीच्या नळीवर. हे काम मोजक्याच हातांना साधले. दा विंची या रोबोटिक यंत्रणेला 2000 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिल्यानंतर थोड्याच वर्षांत मुलांमधील याच शस्त्रक्रियेसाठी तिचा वापर वाढला, त्याचे कारण हेच टाके होते.

रोबोट स्वतः काहीही करत नाही. शल्यचिकित्सक त्याच खोलीत, काही फुटांवरच्या यंत्रापाशी बसून त्रिमिती चित्र सुमारे दहापट मोठे करून पाहतात आणि त्यांच्या बोटांची हालचाल आतल्या हत्यारांच्या टोकापर्यंत पोहोचते. ती टोके मनगटासारखी वळतात आणि हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. टेबलापाशी दुसरे शल्यचिकित्सक, परिचारिका आणि भूलतज्ज्ञ सतत उभे असतात. यंत्र बंद पडले, जे क्वचितच घडते, तर हत्यारे बाहेर काढून यंत्राचे हात बाजूला करणे काही मिनिटांचे काम असते. उरलेली शस्त्रक्रिया दुर्बिणीने किंवा छेद घेऊन पूर्ण केली जाते. म्हणूनच छेद घेऊन शस्त्रक्रिया करणे ज्यांना उत्तम येते, अशाच व्यक्तीने मुलांमध्ये रोबोट हाताळावा, असे माझे ठाम मत आहे.

याची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. दीर्घकाळ वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत स्पर्शाची जाणीव हाताला मिळत नाही. धागा किती ओढला गेला हे डोळ्यांनीच ओळखावे लागते. हत्यारे 8 मिलिमीटर जाडीची असतात, काही यंत्रांत 5 मिलिमीटरचीही मिळतात, पण त्या बारीक हत्यारांना वळायला उलट जास्त जागा लागते. त्यामुळे अगदी लहान बाळांत फायदा फारसा उरत नाही, हे वरच्या उत्तरातील वडिलांनी लिहिले आहे ते बरोबर आहे. पाच वर्षांच्या मुलीत जागेची अडचण सहसा येत नाही. या वयाच्या आणि मोठ्या मुलांत रोबोटने केल्यास वेदनाशामक औषधे कमी लागतात आणि रुग्णालयातील मुक्काम थोडा कमी होतो. शस्त्रक्रियेला मात्र वेळ जास्त लागू शकतो आणि खर्च अधिक येतो. अडथळा कायमचा दूर होण्याचे प्रमाण अनुभवी हातांत दोन्हीकडे जवळपास सारखेच आहे.

त्यामुळे आपल्याला निवड करायची आहे ती दोन व्यक्तींमधून, आणि त्यासाठी दोघांनाही एकच प्रश्न विचारा: या वयाच्या मुलांवर हीच शस्त्रक्रिया, याच पद्धतीने, आपण स्वतः किती केल्या आणि त्यांपैकी किती मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली? मोठ्या माणसांवर रोबोटने केलेल्या शेकडो शस्त्रक्रिया या उत्तरात धरू नयेत. भूलतज्ज्ञ लहान मुलांचे आहेत का, रात्री मुलांच्या विभागात कोण असते, हेही विचारा. जे डॉक्टर या प्रश्नांनी दुखावले न जाता आकडे देतात, त्यांच्याकडे निश्चिंत मनाने जावे.

हा धागा पुढे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एवढेच जोडतो की, लघवीच्या मार्गातील प्रत्येक अडथळ्याला रोबोट लागू पडत नाही. मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात जन्मतः असलेले पडदे मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून काढले जातात. तिथे रोबोटचा काहीही संबंध नाही. मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते तिथला अडथळा हा वेगळा विषय आहे आणि त्यात रोबोट वापरावा की नाही याचा विचार वेगळ्या निकषांवर होतो.

उत्तर 3 : नऊ वर्षांच्या मुलाची आई

माझ्या मुलाची रोबोटिक शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आणि त्याच्या बाबतीत डॉक्टरांनी वर्णन केलेली रक्तवाहिनीच निघाली. शस्त्रक्रिया चांगली झाली, मुलगा आज पूर्ण बरा आहे, आणि तरीही मला पुढच्या सहा आठवड्यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्याविषयी आम्हाला फार थोडे सांगितले गेले होते.

पहिल्या दिवशी त्याला पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखते खांद्यात, म्हणून आम्ही घाबरलो. पोटात भरलेल्या वायूमुळे असे होते आणि एकदोन दिवसांत थांबते हे परिचारिकेने सांगितल्यावर जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि त्याच संध्याकाळी तो भिंतीला धरून का होईना, चालू लागला. तिसऱ्या दिवशी घरी आलो. पोटावर तीन लहान टाके होते, त्यांतला एक बेंबीत, जो आता दिसतही नाही.

खरा त्रास आतल्या डीजे स्टेंटने दिला. ही मऊ नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत असते, तिची दोन्ही टोके डुकराच्या शेपटीसारखी वळलेली असतात आणि खालचे टोक मूत्राशयाला सतत टोचत राहते. त्यामुळे त्याला दर अर्ध्या तासाला लघवीची घाई होई, लघवी करताना कुशीत कळ येई आणि खेळून आल्यावर लघवीला गुलाबी रंग येई. एकदा वर्गात लघवी कपड्यांतच झाली आणि तो घरी येऊन कोणाशीही बोलला नाही. डॉक्टरांनी मूत्राशय शांत ठेवणारे औषध दिल्यावर हे पुष्कळ कमी झाले. माझी विनंती अशी की ते औषध आधीच विचारून ठेवावे आणि शाळेतील बाईंना पूर्वकल्पना द्यावी, म्हणजे मुलीला परवानगीसाठी हात वर करून थांबावे लागणार नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. त्याने मूत्राशयाचा त्रास दुप्पट होतो.

आता एक गोष्ट, जी लिहिताना अजूनही माझा हात थरथरतो. आम्हाला मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर स्टेंट घातल्याची नोंद होती, पण तो कधी काढायचा याची तारीख नव्हती. तोंडी सांगितले होते, असे रुग्णालयाचे म्हणणे; आम्हाला ते आठवत नव्हते. सहाव्या आठवड्यात मी स्वतः फोन केला तेव्हा त्यांच्या यादीत आमचे नाव नव्हते. स्टेंट तेव्हाच सुखरूप काढला गेला. पण अशी नळी महिनोन्‌महिने आत राहिली तर तिच्यावर खडे जमतात, ती अडकते आणि मग ती काढण्यासाठीच मोठी शस्त्रक्रिया लागते, हे नंतर समजले तेव्हा अंगावर काटा आला. स्टेंट काढण्याची तारीख कागदावर लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून बाहेर पडू नका.

शेवटचे म्हणजे, स्टेंट काढल्यानंतरच्या पहिल्या सोनोग्राफीत सूज अजून आहे असे लिहून आले आणि आम्ही दोघे नवरा-बायको त्या रात्री जेवलो नाही. वर्षानुवर्षे ताणलेली पिशवी एका महिन्यात आक्रसत नाही, तिला कित्येक महिने लागतात आणि काही मुलांत थोडी सूज कायम राहूनही मूत्रपिंड उत्तम काम करते, हे आधी कोणी सांगितले असते तर ती रात्र वाचली असती.

उत्तर 4 : भूलतज्ज्ञ

वरील चर्चेत भुलेविषयी एक चिंता दिसली म्हणून थोडक्यात लिहितो. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून दीर्घ किंवा वारंवार भूल देण्याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 साली सावधगिरीची सूचना दिली होती. आपली मुलगी त्या वयोगटात नाही. तान्ह्या बाळांवरील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2019 साली आले. त्यात साधारण तासाभराची एकच भूल मिळालेल्या आणि जागेपणी कमरेत सुई देऊन शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या बुद्धिमत्तेत पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. स्टेंट काढण्यासाठी लागणारी भूल काही मिनिटांची असते. काही शल्यचिकित्सक स्टेंटला दोरा बांधून तो मूत्रमार्गाबाहेर ठेवतात, ज्यामुळे दुसरी भूल टळते. पण या वयाची मुले तो दोरा ओढतात, आणि वेळेआधी निघालेला स्टेंट ही नवी अडचण होते.

रोबोट जोडलेला असताना मुलाची स्थिती सहसा बदलता येत नाही, म्हणून अंगाखालचे सर्व दाबबिंदू मऊ पट्ट्यांनी सांभाळणे आणि शरीर गार पडू न देणे याकडे आम्ही फार लक्ष देतो. पोटात भरला जाणारा वायू कार्बन डायऑक्साइड असतो आणि मुलांमध्ये त्याचा दाब मोठ्या माणसांपेक्षा कमी ठेवला जातो. शस्त्रक्रियेआधी सहा तास घन आहार बंद असतो, परंतु साधे पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल हे नेमके विचारा; मुलाला रात्रभर विनाकारण तहानलेले ठेवण्याची गरज नसते. मुलीला दोन आठवड्यांत सर्दी-खोकला किंवा ताप झाला असेल तर तारीख पुढे जाईल या भीतीने ते लपवू नका.

मुलीची आई

आपणा सर्वांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. मधल्या दहा दिवसांत पुन्हा एकदा रात्री कळ आली. या वेळी आम्ही पोटाचे औषध न देता तिला तसेच रुग्णालयात नेले आणि दुखत असतानाच सोनोग्राफी झाली. पेल्व्हिसचा व्यास 27 ऐवजी 39 मिलिमीटर भरला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी रक्तप्रवाह दाखवणारे रंगीत डॉप्लर लावून आम्हाला पडद्यावर मूत्रवाहिनीपुढून जाणारी एक लाल रेघ दाखवली. ती पाहताना मला वर्षभर दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली आठवली.

दोन्ही शल्यचिकित्सकांना मी तो प्रश्न विचारला. दोघांनीही आकडे दिले. छेदाने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले की, ही रक्तवाहिनी असेल तर या वयात पुढच्या बाजूने केलेली शस्त्रक्रिया त्यांनाही अधिक सोयीची वाटते आणि पहिल्या डॉक्टरांचा हात त्यात चांगला बसलेला आहे. त्यामुळे रोबोटिक शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची ठरली आहे. स्टेंट काढण्याची तारीख मी आत्ताच मागितली आणि ती फाइलच्या पहिल्या पानावर लिहून मिळाली आहे. आता एकच विचारायचे राहिले आहे: तोपर्यंत पुन्हा कळ आली तर काय करावे, आणि तिला हे सगळे किती सांगावे?

बालशल्यचिकित्सक

कळ आली तर आपल्या डॉक्टरांना कळवून त्यांनी लिहून दिलेले वेदनाशामक द्या. एकाच वेळी भरपूर पाणी पिणे टाळून दिवसभर थोडे थोडे पाणी देत राहा. कळ काही तासांत थांबली नाही, उलट्यांमुळे पोटात काही टिकेना, किंवा ताप आला, तर रात्रीची वेळ असली तरी निघा. अशा वेळी मूत्रपिंडावरचा दाब तात्पुरता उतरवण्यासाठी नळी घालावी लागू शकते आणि ठरलेली शस्त्रक्रिया नंतर शांतपणे करता येते. दुखत असतानाच्या सोनोग्राफीची चित्रे शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत ठेवा आणि ती शल्यचिकित्सकांनी स्वतः पाहिली आहेत याची खात्री करा.

मुलीला खरे ते सांगा, पण तिच्या मापाचे. पोटात लघवीची एक वाट वाकली आहे, म्हणून रात्री दुखते; डॉक्टर ती झोपलेली असताना वाट सरळ करतील, आणि उठल्यावर आई शेजारी असेल, एवढे तिला पुरते. दुखणार नाही असे मात्र सांगू नका, कारण थोडे दुखेल. दुखले की सांगायचे, लगेच औषध मिळेल, हे तिला आधीपासून ठाऊक असू द्या. आतली नळी तिला एका कागदावर काढून दाखवा. तिच्या वयाला ती साधारण 15 सेंटीमीटर लांबीची असेल, म्हणजे शाळेच्या लहान पट्टीएवढी. मुले पट्टी हातात घेऊन हे ऐकतात तेव्हा त्यांची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.